अस्वलं झालेल्या मुली

आज अथेन्सबाहेर ब्राउरॉनला जाऊन आले. अक्रोपोलिसच्या गर्दीने काल जीव नकोसा केला होता. इथे शांतता. आर्टेमिसचं देऊळ म्हणजे आता नुसता पाया, जवळ पुन्हा उभे केलेले काही खांब, आणि सगळीकडे पाणथळ जमीन.

आर्टेमिस शिकारीची, रानातल्या जनावरांची देवी. स्वतः कायमची कुमारिका, तरी बाळंतिणींनी हाक मारायची ती हिलाच! तिचं अस्वल कुणीतरी मारलं, देवी कोपली, म्हणून अथेन्सच्या लहान मुली इथे केशरी वस्त्र नेसून 'अस्वलं' व्हायच्या, अशी कथा.

संग्रहालयात त्या मुलींचे संगमरवरी पुतळे आहेत, इ.स.पू. चौथ्या शतकातले. एकीने ससा घट्ट धरलाय. गाल इतके गुबगुबीत की गालगुच्चा घ्यावासा वाटला. (काचेबाहेरूनसुद्धा पहारेकरीण डोळे वटारत होती.)

बायका देवीला कपडे वाहायच्या. बाळंतपणात दगावलेल्यांची वस्त्रं मात्र इथे इफिगेनियाला, म्हणजे आर्टेमिसच्या पुजारणीला वाहायची, असं प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात खुद्द अथेना देवी सांगते. ओटी भरणाऱ्या घरात वाढलेय, त्यामुळे कपडे वाहणं लगेच कळलं. या दुसऱ्या गाठोड्याचा विचार मात्र बसमध्येही डोक्यातून जाईना.