पेपरवर मांडलेली गाडी

परवा दुपारी गाडीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडून बसलो आणि काम सोडून पेपरच वाचत राहिलो. पेपर म्हणजे खाली अंथरलेला, महिन्यापूर्वीचा. ताजा पेपर मी पाच मिनिटांत उलटून बाजूला टाकतो. पण तोच पेट्रोलने भिजला, त्यावर चार स्क्रू आणि एक फ्लोट येऊन बसला, की त्यातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा सोडवत नाहीत.

खोड जुनी आहे. काकांकडे एक चौकोनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, होती आणि दर सुट्टीला ते तिचं काहीतरी खोलायचे. कारण लागायचंच असं नाही. ‘बघू तरी’ एवढं पुरे. सुटलेला प्रत्येक भाग पेपरवर डावीकडून उजवीकडे मांडायचा आणि बसवताना उजवीकडून उचलत यायचं, ही त्यांची पद्धत. मी राखणीला. ओळीला कुणी हात लावायचा नाही.

एकदा नेमकं पेपरात व्यंगचित्र होतं आणि त्याखालच्या ओळीवर दोन पितळी जेट, पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, बसले होते. उचलले, वाचलं, हसलो, परत ठेवले. फक्त डावा उजवीकडे गेला. विनोद काय होता, ते आता आठवत नाही.

त्या कार्बोरेटरला मुख्य जेट दोन. दिसायला जुळे, आटेही तेच, फरक भोकाचा, तोही मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजण्याइतका. अंगावर आकडा ठोकलेला असतो. १३० म्हणजे १.३० मिलिमीटर. पण आकडा वाचायला चष्मा लागतो आणि काकांचा ओळीवर विश्वास होता.

गाडी सुरू झाली ती जास्तीच्या पेट्रोलचा काळा धूर ओकतच. प्लग काढले तर काजळी. काकांनी आधी पेट्रोलला शिव्या घातल्या, मग चोकला, मग एअर फिल्टरला. बॉनेट उघडं दिसल्यावर त्यांचे मित्र जमणारच. धुराचा विषय दहा मिनिटांत संपला आणि कुणाची गाडी भारी यावर संध्याकाळ गेली.

एक लँड रोव्हरवाले होते. १९४७ साली वेल्समधल्या रेड व्हार्फ बेच्या वाळूत रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्सने तिची आकृती काढली, ही गोष्ट ते अशी सांगायचे की जणू वाळू हेच सपाट करत होते. दुसरे जीपवाले. विल्क्सच्या शेतावर विलिस जीप होती म्हणून तर सुचलं ना, हा त्यांचा हुकमी एक्का. लढाईनंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून लँड रोव्हरचं अंग ॲल्युमिनियमचं झालं. ते गंजत नाही, असं पहिले म्हणाले की खालची चासी, म्हणजे सांगाडा, गंजतो त्याचं काय, असं दुसरे विचारायचे. मग डिफरन्शियल लॉक. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना फिरणं वाटून देणारा गिअर, आणि लॉक केला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. एक चाक हवेत गेलं की साधं डिफरन्शियल सगळं फिरणं त्यालाच देऊन टाकतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, तिथेच कळलं. पोटात गुन्हा असला की माणूस लक्ष देऊन ऐकतो.

काका या वादात फारसे नसत. दहा-अकरा आणि बारा-तेराच्या पान्यांनी जितकी जास्त खोलता येईल तितकी गाडी चांगली, एवढंच त्यांचं म्हणणं. माझंही तेच झालंय. बॉनेट उघडल्यावर काळ्या प्लास्टिकचं झाकण दिसलं की मला परक्याच्या घरी आल्यासारखं वाटतं. तरी आवडती गाडी विचाराल तर जुनी फ्रेंच सित्रोएन टू सीव्ही सहारा. चारही चाकांना ताकद हवी म्हणून त्या लोकांनी मागे आणखी एक इंजिनच बसवलं! ४२५ सीसीची दोन इंजिनं, पुढच्या दोन्ही सीटांखाली पेट्रोलच्या दोन टाक्या. एक इंजिन बंद ठेवूनही गाडी चालते. म्हणजे कार्बोरेटरही दोन. अशा गाडीच्या मालकाला पुतण्या नसावा.

धूर पुढे पंधरा दिवसांनी थांबला. काय होतं, ते काकांनी कुणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण पुढच्या सुट्टीत कार्बोरेटर उघडला तेव्हा ओळीत सगळं होतं, जेट सोडून. एक त्यांच्या शर्टाच्या खिशात, दुसरा पॅंटच्या. आणि व्यंगचित्राचा कोपरा मोकळा ठेवलेला.