तांबडीचा डोळा उघडला, आता पिंपांचा नंबर

मंडळी, माझ्या खुराड्यातल्या पिल्लांना देवी (फाउल पॉक्स, कोंबड्यांचा फोडांचा विषाणूजन्य रोग) झालीय, आणि त्यातल्या तांबडीने उजवा डोळा उघडला! मागच्या अपडेटमध्ये जिला गेल्यात जमा धरलं होतं, ती आज आपली आपण दाणे टिपतेय. डावी पापणी अजून खपलीखाली आहे, पण एका डोळ्यावर तिचं भागतंय.

देवीत पिल्लं विषाणूपेक्षा उपासमारीनेच जास्त जातात, हे माझं मत या बॅचने पक्कं केलं. पापण्या सुजून चिकटल्या की दाणापाणी दिसत नाही, वर बाकीची धडधाकट पिल्लं ढकलून देतात. म्हणून औषधाआधी सिरिंज. स्टार्टर (पिल्लांचं भरड खाद्य) पाण्यात पातळ कालवून, बिनसुईच्या सिरिंजने चोचीच्या कडेला थेंब थेंब. घाई केली की श्वासनळीत जातं. पिल्लू टॉवेलात गुंडाळलं की धडपडत नाही, आणि सोलापुरात टॉवेलला काय तोटा? डोळा कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच पुसायचा. तुऱ्यावरच्या फोडांना पोव्हिडोन आयोडिन, डोळ्याजवळ मात्र नाही. खपली ओढायची नाहीच! खाली जखम होते, आणि विषाणू वाळल्या खपलीत महिनोन्‌महिने तग धरतो. गळलेल्या खपल्या मी वेचून जाळतोय.

दुकानदाराने नेहमीप्रमाणे अँटिबायोटिकची पुडी पुढे केली. देवीच्या विषाणूवर तिचा काडीचा उपयोग नाही. पू झाला तर डॉक्टरांना विचारून द्या, उगाच पाण्यात ढवळू नका.

गेल्या वेळी तुमच्यातल्या कुणी विचारलं होतं की चोच मारल्याची जखम आणि देवी वेगळी कशी ओळखायची. जखम एकदम दिसते, रक्ताची खपली धरते. देवीचा फोड आधी फिकट पुळी, मग पिवळट, मग काळपट चामखिळीसारखा. आणि एकाला, मग दुसऱ्याला, असा रेंगाळत पसरतो. अख्खा चेहरा सुजून नाकातून घाण वासाचं पाणी येत असेल तर कोरायझाचा (कोंबड्यांच्या सर्दीच्या जिवाणूजन्य रोगाचा) संशय घ्या. चोच उघडून घसा बघायला विसरू नका. आत पिवळा थर दिसला तर ती ओली देवी, त्यात श्वास कोंडतो. माझं एक पिल्लू त्यातच गेलं.

आता खरी डोकेदुखी: देवी पसरवणारे डास. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे घरोघरी पिंपं भरलेली. उन्हाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. खुराड्याला हिरवं शेडनेट लावणाऱ्यांनो, त्या भोकांतून डास आरामात आत जातात. मी मच्छरदाणीचं कापड ठोकलंय. रात्रीचा उपद्रव घटलाय, पण पिल्लं दिवसा बाहेर सोडावीच लागतात. पिंपांवर कापड बांधायचं ठरवलं होतं. आत्ता लिहिता लिहिता वाटतंय, टाकीत गप्पी मासे सोडले तर? आणि पिंपं आठवड्यातून एकदा कोरडी करून घासायची, म्हणजे कडेला चिकटलेली अंडीही जातील. ही दोन्ही कामं आधी, कापड नंतर.

खाद्यातही एक बदल. आपली मालदांडी ज्वारी भाकरीला एक नंबर, पण पांढऱ्या दाण्यात अ जीवनसत्त्व तयार करणारं कॅरोटीन जवळजवळ नसतं. आता निम्मी ज्वारी काढून पिवळा मका, वर शेवग्याचा पाला. यातून देवी बरी होणार नाही, पण डोळ्यांची आणि घशाची आतली त्वचा धड राहते.

लस पुढच्या बॅचला द्यायचं ठरलं होतं, सहा ते आठ आठवड्यांची झाली की. पण लागण थोड्याच पिल्लांना असताना बाकीच्या निरोग्यांना देता येते, त्यामुळे फोड नसलेल्या तलंगांना (वाढत्या कोंबड्यांना) याच आठवड्यात टोचून घेतो. पंखाच्या पातळ पडद्यात, दोन टोकांच्या सुईने, रक्तवाहिनी चुकवून. सात ते दहा दिवसांनी टोचल्या जागी सूज-खपली दिसली म्हणजे लस लागली. नाही दिसली तर पुन्हा.

अडचण एकच: लसीची कुपी शेकडो पक्ष्यांना पुरणारी, माझ्या खुराड्यात पक्षी मूठभर, आणि एकदा द्रावण केलं की दोनेक तासांत संपवावं लागतं. होटगी रोड, मजरेवाडी, जुळे सोलापूर भागातले कुणी वाटून घेणार असाल तर पक्ष्यांची संख्या आणि वय कळवा. कुपी फ्रीजच्या थंडाव्यातच हवी, त्यामुळे बर्फाचा डबा माझ्याकडून. आजारी पक्षी मात्र सोबत आणू नका, आणि आमच्या अंगणात येताना चपला बाहेर.