दुसरा भाग वाचू का, काकू?

नागपूरच्या लक्ष्मीनगरात घराच्या पुढच्या खोलीत मी पुस्तकं भाड्यानं देते. कॅरी रायन या अमेरिकी लेखिकेच्या झोंबी-मालिकेचा पहिला भाग परत करताना जवळजवळ प्रत्येक पोरगी मला हा प्रश्न विचारते. वर शेपूट जोडलेलंच असतं: "सगळ्या तर बोअर आहे म्हणून राहिल्या." परीक्षा संपल्या, ऊन तापलं, दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय उरली नाही की ही विचारणा फारच वाढते. म्हणून आता लिहूनच टाकते. वाचायचा. सगळ्या म्हणतात त्यातलं निम्मं खरं आहे, पण ते निम्मं कोणतं ते नीट पाहायला हवं. गोष्टीतलं पुष्कळ काही पुढं फुटणार आहे, ज्यांना आधी कळायला नको त्यांनी इथंच थांबावं.

आयांचा प्रश्न वेगळा असतो, तो आधी निकालात काढते. असली मढ्यांची पुस्तकं पोरींना काहून देता? बाई, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांना खांद्यावर बसवून 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत ओरडणारं हे शहर आहे. काळ्या-पिवळ्या मारबतींची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक इथं एकोणिसाव्या शतकापासून निघते आणि कोणाचं लेकरू त्यानं बिघडल्याचं मी ऐकलेलं नाही. झोंबी तरी दुसरं काय? चालती रोगराई. आपली मारबत त्याच दिवशी जळून जाते, यांची कुंपणाशी उभीच राहते, एवढंच. शिवाय माणसं खाणारा हा आजचा झोंबी १९६८ सालच्या जॉर्ज रोमेरोच्या सिनेमापासून जगभर फिरतोय आणि २०२२ मध्ये 'झोंबिवली' या मराठी सिनेमातून थेट डोंबिवलीत उतरलाय. माझ्या कपाटात तो धारप-मतकरींच्या भयकथांच्या शेजारी सुखानं राहतो.

आता गोष्ट. पहिला भाग, 'द फॉरेस्ट ऑफ हँड्स अँड टीथ', २००९ मध्ये आला. जंगलात कुंपण घातलेलं एक गाव, कुंपणाबाहेर मेलेली तरी चालणारी माणसं आणि गावावर सत्ता धर्मभगिनींची. मेरी नावाच्या मुलीला आईनं समुद्राच्या गोष्टी सांगितलेल्या असतात. गावात समुद्र कोणी पाहिलेला नाही. हॅरी आणि ट्रॅव्हिस हे दोघं भाऊ. लग्न एकाशी ठरतं, जीव दुसऱ्यावर असतो. तरी वाचताना कळत जातं की या दोघांपेक्षाही तिचा जीव समुद्रावर जास्त आहे. त्याच्यासाठी ती एकेक माणूस मागं टाकत जाते आणि शेवटी त्याच्यापाशी पोचते, तेव्हा सोबत कोणीच नसतं.

हे पुस्तक नागपूरच्या पोरींना का धरतं ते मला कधीच कोणाला विचारावं लागलं नाही. आपण झिरो माइलवाले, देशाच्या मधोमधचे. समुद्र म्हणजे विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्र काढल्यावर भेटणारी चीज. त्यातून दहावी झाली की घराघरात एकच विषय असतो, पुणे की बंगळूर. अंबाझरीच्या काठावर बसून 'इथं काय ठेवलंय' म्हणणाऱ्या पोरीला मेरी ही आपलीच वाटते. कुंपण ओलांडून गेलेली, परत वळून न पाहिलेली.

आणि मग ती २०१० चा दुसरा भाग उघडते, 'द डेड-टॉस्ड वेव्ह्ज'. पहिल्याच पानांत कळतं की मेरी आता आई झाली आहे. दीपगृहात राहते आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागणाऱ्या झोंबींची मुंडकी उडवणं हे तिचं रोजचं काम. ज्या समुद्रासाठी एवढं केलं, तो आता मढी आणून टाकतोय. गोष्ट सांगते तिची मुलगी गॅब्री. आणि ही गॅब्री घाबरट.

पोरींची पहिली तक्रार हीच. गॅब्री काही करत नाही, नुसती घाबरते, रडते, दर दोन पानांनी 'मला जमणार नाही' म्हणते. खोटं नाही ते. पण सुरुवातीचा प्रसंग घ्या. मित्रमैत्रिणींच्या नादानं ती गावाची भिंत ओलांडून पडक्या जत्रेच्या मैदानात जाते. तिथं झोंबींचा हल्ला होतो. तिला आवडणाऱ्या मुलाला, कॅचरला, चावा बसतो. बाकीचे पकडले जातात, ही तेवढी निसटून घरी येते आणि गप्प बसते. सकाळी सगळं गाव शिक्षेची भाषा करतंय आणि हिच्या तोंडून शब्द नाही. क्लास बुडवून फुटाळा तलावावर गेलेल्या घोळक्यातली चार जणं सापडतात आणि पाचवी निसटते, तशीच ही पाचवी. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी पोरी कधी ना कधी ही पाचवी होत्या, त्यांच्या आयांनी मला सांगितलेलं आहे. तरी त्यांना पुस्तकात ती चालत नाही. पुस्तकात मेरी पाहिजे.

इथं माझं आणि पोरींचं जमत नाही. पळून जाणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिणं तुलनेनं सोपं, पायाखाली वाट असते. जिला जायचंच नाही, जिला आहे तेच घर, तीच भिंत, तीच माणसं हवी आहेत, तिची साहसकथा लिहायची म्हणजे लेखिकेनं स्वतःचे हात बांधून घेतले. गॅब्री भिंतीच्या आत जन्मली असं तिला वाटतं, म्हणून भिंत तिला कुंपण वाटत नाही. भिंत तिचं घर आहे. बाहेर पडते ती नाइलाजानं, अपराधाचं ओझं घेऊन, आणि अर्धं पुस्तक होईपर्यंत परत फिरायचं निमित्त शोधत राहते. हे वाचायला चिडचिड होते हे मान्य. पण ज्या शहरात 'बाहेर जाणार नाही, इथंच राहणार' म्हणणाऱ्या मुलीला हुशार समजतच नाहीत, तिथं तरी गॅब्रीला एवढ्या घाईनं नापास करू नये.

दुसरी तक्रार मेरीबद्दलची, आणि ती मला सगळ्यात गमतीची वाटते. "काकू, मेरीचं त्यांनी पार वाटोळं केलं." म्हणजे काय केलं? तिला मोठी केली. ती मुलीपासून गोष्टी लपवते. गॅब्री तिच्या पोटची नाही, जंगलात सापडलेली आहे, हे तिनं सांगितलेलंच नसतं. ते बाहेर आल्यावर दोघींचं भांडण होतं आणि मेरी मागं सोडलेल्यांना शोधायला पुन्हा जंगलाकडं निघते. सोळा वर्षांच्या वाचकाला हा विश्वासघात वाटतो. एका मुलीच्या आईनं मात्र, लेक काय वाचते ते तपासायला म्हणून, दोन्ही भाग नेले. परत देताना म्हणाल्या, "ताई, मला दुसराच जास्त आवडला. पहिल्यात त्या पोरीचा रागच येत होता." मोठी लेक पुण्याला नोकरीला, दिवाळीला चार दिवस येते. त्यांना मेरीचं परत फिरणं पटलं, गॅब्रीचं घाबरणंही पटलं. धाकटी तिथंच उभी होती, तिनं डोळे फिरवले. एकाच पुस्तकावर मायलेकींचे असे दोन निकाल मी या कपाटातल्या दुसऱ्या कुठल्या मालिकेवर ऐकले नाहीत.

तिसरी तक्रार त्रिकोणाची. कॅचर आहेच, त्यात इलायस नावाचा भटका मुलगा येतो, आणि गॅब्रीचं मन कधी इकडं कधी तिकडं. इथं मी पूर्णपणे पोरींच्या बाजूनं आहे. पहिल्या भागात दोन भाऊ होते, तिथं निवडीला गावाचा आणि कर्तव्याचा दाब होता. इथं मात्र त्या काळात अशा प्रत्येक कादंबरीत दोन मुलगे हवेतच अशी रीत पडली होती, म्हणून दोन आहेत असं वाटतं.

चाव्याची तक्रार जरा गंभीर आहे आणि ती बहुधा मुलगे करतात. (हो, मुलगेही नेतात. पुस्तक दप्तरात आतल्या बाजूला सरकवतात.) कॅचरला चावलं, तर तो मरायला पाहिजे. तो मरत नाही, त्याच्यात प्रतिकारशक्ती निघते. "म्हणजे चीटिंगच झाली ना!" नियमाच्या दृष्टीनं झालीच. झोंबीकथेत चावा म्हणजे शेवट, त्यावरच सगळी भीती उभी असते. लेखिकेनं तो खांब काढला आणि पुस्तकाच्या मधात भीती खरोखर पातळ झाली. पण प्रेमकथेला मात्र त्यातून एक चांगली गोष्ट मिळाली. आपल्या अंगात रोग आहे, आपल्यामुळं तिला लागेल, या धास्तीनं हा मुलगा तिच्याजवळ यायलाच कचरतो. समोर आहे, जिवंत आहे, प्रेम आहे, आणि हात लावायचा नाही. टाळेबंदीची वर्षं पाहिलेल्या आपल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. पुस्तक त्याच्या दहा वर्षं आधीचं.

शेवट अर्धवट सुटतो, हेही खरं. दुसरा भाग मिटल्यावर हातात पुरं काही लागत नाही, कारण उरलेला धागा २०११ च्या तिसऱ्या भागात गॅब्रीच्या जुळ्या बहिणीच्या, ॲनाच्या हाती जातो. कॅचरचं काय होतं तेही तिथंच. म्हणून दुसरा एकटा नेऊ नका, दुसरा-तिसरा एकदम न्या. तिसऱ्याची माझ्याकडं एकच प्रत आहे आणि ती सध्या त्याच पुण्यावाल्या लेकीच्या आईकडं आहे. धाकटीनं रांगेत पहिलं नाव लावलंय, तिच्यामागं तुमचं लिहून ठेवते.