रोझगार्डन क्यूटी 5 वरून क्यूटी 6 वर नेताना वाटेत काय काय लागलं

रोझगार्डन म्हणजे लिनक्सवरचं नोटेशन (स्वरलिपी लिहिणं) आणि सीक्वेन्सर (सुरावट रेकॉर्ड करून वाजवणारं साधन) एकत्र असलेलं सॉफ्टवेअर, इंग्लंडमधल्या बाथ युनिव्हर्सिटीत 1993 ला सुरू झालेलं, आणि इतकी वर्षं टिकलंय म्हणजे टूलकिट, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायची क्यूटीसारखी लायब्ररी, बदलणं त्याला नवीन नाही. सगळ्यात मोठी उडी 2010 च्या फेब्रुवारीतली, आवृत्ती 10.02, टोपणनाव थॉर्न. त्याआधी सगळा डोलारा केडीई 3 या डेस्कटॉपच्या लायब्रऱ्यांवर उभा होता, तो उतरवून क्यूटी 4 वर आणला आणि नोटेशन रेखाटणारा जुना क्लास क्यूकॅनव्हास जाऊन ग्राफिक्ससीन आला. त्या मानाने 5 वरून 6 वर जाणं सोपंच. मी शिकायला म्हणून एक जुनी क्यूटी 5 ची आवृत्ती क्लोन केली आणि ती 6 वर नीट चालेपर्यंत पिच्छा पुरवला, मागून येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, क्यूटी 6 इन्स्टॉल करायची घाई करू नका. 5.15 वरच मुक्काम ठोका. क्यूटी 6 मध्ये जे काढून टाकलंय त्यातल्या बहुतेकांचे नवे पर्याय 5.15 मध्ये आधीच आहेत, त्यामुळे जुनं नाव काढा, नवं घाला, बिल्ड करा, गाणं वाजतंय का बघा आणि कमिट करा, असं करत राहिलं की प्रोग्राम एक दिवसही बंद पडत नाही. जुन्या एपीआय (लायब्ररीतली वापरायची फंक्शन्स) बंद करणारा डेप्रिकेटेडवाला मॅक्रो 5.15 च्या आकड्यासकट बिल्डमध्ये टाकला की कंपायलर स्वतःच यादी काढून देतो. क्लेझी नावाचं कोड तपासणारं टूल आहे, त्यात क्यूटी 6 साठीचे चेक्स आहेत, तेही चालवा. फाँटमेट्रिक्सचं विड्थ जाऊन हॉरिझॉन्टलॲडव्हान्स, व्हीलइव्हेंटचं डेल्टा जाऊन अँगलडेल्टा, डेस्कटॉपविजेट जाऊन क्यूस्क्रीन, हे सगळं कंटाळवाणं पण बिनधोक काम आहे, कारण चुकलं तर कंपायलर अडवतो.

खरा धोका तो अडवत नाही तिथे आहे.

रोझगार्डनसारख्या जुन्या कोडमध्ये कनेक्ट (एखादी घटना घडल्याचा सिग्नल आणि त्यावर चालणारं फंक्शन, म्हणजे स्लॉट, यांची जोडणी) सगळीकडे सिग्नल आणि स्लॉटच्या मॅक्रोंनी केलेलं असतं, म्हणजे नावं नुसत्या स्ट्रिंग. कॉम्बोबॉक्सचा ॲक्टिव्हेटेड सिग्नल आधी मजकूर देणाऱ्या रूपातही होता, क्यूटी 6 मध्ये ते रूप गेलं आणि टेक्स्टॲक्टिव्हेटेड आलं. स्ट्रिंग तशीच राहिली तर बिल्ड झकास होतो, खिडकी उघडते, ड्रॉपडाउनमधून तुम्ही नवीन पर्याय निवडता, तो दिसतोही, पण आत काहीच होत नाही. टर्मिनलवर तेवढी एक ओळ येऊन गेलेली असते, 'नो सच सिग्नल', आणि मेनूवरून प्रोग्राम उघडला असेल तर तीही दिसत नाही. स्पिनबॉक्स आणि बटणग्रुपच्या काही सिग्नलांचं तसंच. उपाय दोन. एक म्हणजे फंक्शन पॉइंटरवालं कनेक्ट लिहायचं, ते कंपाइल होतानाच तपासलं जातं. ते सगळीकडे करायला वेळ नसेल तर टेस्टिंगच्या वेळी क्यूटी_फेटल_वॉर्निंग्ज हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करा, म्हणजे पहिल्याच वॉर्निंगला प्रोग्राम आपटतो आणि डिबगरमध्ये नेमकी जागा सापडते. आणि प्रत्येक डायलॉग उघडून बघा, खरंच प्रत्येक.

दुसरी गप्प बसणारी जागा रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरात नमुना शोधणाऱ्या कोडची. जुन्या क्यूरेगएक्स्पमध्ये एक्झॅक्टमॅच होतं, पूर्ण स्ट्रिंग जुळली तरच हो म्हणायचं. नवीन क्लास, क्यूरेग्युलरएक्स्प्रेशन, मधेच कुठे जुळलं तरी हो म्हणतो. तिथे अँकर्डपॅटर्न वापरायलाच हवं, नाहीतर नको ती नावं गाळणीतून आत येतात.

फाइल वाचणं हा मोठा भाग. रोझगार्डनची फाइल म्हणजे जीझिपमध्ये दाबलेलं एक्सएमएल, आणि ते वाचायला जुने सॅक्स पद्धतीचे (फाइल वाचता वाचता एकेक टॅग कळवणारे) क्लास होते, जे क्यूटी 6 मध्ये मुख्य लायब्ररीतून बाहेर काढून कोअर5कॉम्पॅट या वेगळ्या पॅकेजमध्ये टाकलेत. तात्पुरतं ते जोडून चालवता येतं, मीही सुरुवातीला तेच केलं, पण कायम त्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. एक्सएमएलस्ट्रीमरीडरवर लिहून घ्या. ॲट्रिब्यूटची व्हॅल्यू 5 मध्ये स्ट्रिंगरेफ मिळते आणि 6 मध्ये स्ट्रिंगव्ह्यू, म्हणून लगेच टूस्ट्रिंग करून ठेवा, एकच कोड दोन्हीकडे चालतो. मग तपासणी अशी: एकच गाणं जुन्या आणि नव्या बिल्डमध्ये उघडून सेव्ह करायचं, दोन्ही फाइली अनझिप करून डिफ मारायचा, म्हणजे फरक काढायचा. मिडी एक्सपोर्टही दोन्हीकडून काढून बाइट न बाइट ताडून बघा. काळ्या स्वराला, म्हणजे एका क्रॉचेटला, आत 960 टिक (वेळ मोजायचे बारीक तुकडे) असतात, वाचताना एखादा आकडा गडबडला तर कानाला चटकन कळत नाही पण फाइलमध्ये लगेच दिसतं.

आवाजाच्या बाजूला, म्हणजे आल्सा आणि जॅक या लिनक्सच्या ध्वनी यंत्रणांशी बोलणाऱ्या कोडला, फारसा हात लावावा लागला नाही.

स्क्रीनवर मात्र वेळ गेला. क्यूटी 6 मध्ये हाय डीपीआय (दाट पिक्सेलच्या स्क्रीनसाठी सगळं मोठं करून दाखवणं) कायम चालू असतं आणि 125 टक्के स्केल आता राउंड होत नाही, जसंच्या तसं लागतं. स्वरांची चिन्हं पिक्समॅपमधून येतात, ती धूसर दिसायला लागली, आणि स्टाफच्या पाच रेघांपैकी एखादी जाड एखादी बारीक. राउंडिंग पॉलिसी पुन्हा राउंड करून काम भागतं, फक्त ती ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट बनायच्या आधी सेट करायची. साधा मॉनिटर असला तरी क्यूटी_स्केल_फॅक्टर 1.25 ठेवून एकदा बघाच.

आपल्या लोकांसाठी शेवटचं. स्वरांखाली मराठी बोल टाकून बघा, 'क्षितिज' घ्या. रुंदी मोजताना एकेका कॅरेक्टरची बेरीज करणारा कोड कुठे असेल तर तो इथे उघडा पडतो, कारण जोडाक्षर आणि पहिली वेलांटी मिळून वेगळीच रुंदी होते, पूर्ण शब्दच हॉरिझॉन्टलॲडव्हान्सला द्यायला हवा. लिलिपाँड या स्वरलिपी छापणाऱ्या प्रोग्रामला एक्सपोर्ट करून पीडीएफही काढा. टेक्स्टस्ट्रीमचं सेटकोडेक क्यूटी 6 मध्ये नाही, सेटएन्कोडिंग आहे, आणि न सांगताच यूटीएफ-8 धरलं जातं, पण तोच कोड 5.15 वरही बिल्ड होणार असेल तर तिथे कोडेक (अक्षरांचं एन्कोडिंग) सेट करायची ओळ इफडेफमध्ये, म्हणजे फक्त क्यूटी 5 च्या बिल्डला लागू होईल अशी, ठेवा, नाहीतर लोकेल (भाषेची सेटिंग) नीट नसलेल्या मशिनवर बोलांच्या जागी प्रश्नचिन्हं छापून येतील.