कोड पुसण्याआधी फोटो काढू द्या म्हणून सांगा

चेक इंजिनची पिवळी लाईट लागली, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं बिघाडाचा कोड नोंदवला, की काउंटरवर पहिलं वाक्य हेच बोला : "कोड वाचा, मला सगळ्या स्क्रीनचे फोटो काढू द्या, मगच पुसा." आमच्या कोल्हापुरातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये हे बोलायची संधीच मला मिळाली नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला त्या मुलानं स्कॅनर लावला, "पी०१७१ आहे साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागंल" म्हणाला आणि डिलीट मारून मोकळा झाला. त्या वेळचा डेटा दाखव म्हटलं, तर तो कोडबरोबरच गेलेला. "लाईट गेली न्हवं, मग काय?" हे त्याचं उत्तर. आजही आठवलं की डोकं तापतं.

पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ : हवा जास्त, पेट्रोल कमी. सेन्सर खराब आहे असं हा कोड म्हणतच नाही. सेन्सरच्या हीटरचा बिघाड असता तर पी०१३५ सारखा वेगळा कोड आला असता. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या या सेन्सरचं ऐकून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सतत कमी-जास्त करत असतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. पेट्रोल वाढवत वाढवत ठरलेली मर्यादा ओलांडली की तो कोड नोंदवतो.

आणि नोंदवताना त्या क्षणाचं चित्रही साठवतो. ती फ्रीझ फ्रेम. आरपीएम किती, गाडीचा वेग किती, कूलंट किती तापलेलं, ट्रिम किती, सगळं त्यात असतं. बिघाड कुठल्या परिस्थितीत झाला याचा तोच एक साक्षीदार, आणि तोच पुसला गेला.

मग सुरू झालं वाट बघणं. असा बिघाड एका फेरीत दिसला तर ईसीयू फक्त पेंडिंग कोड ठेवतो, लाईट लावत नाही. पुढच्या फेरीत तोच पुन्हा दिसला तरच कोड पक्का होतो आणि लाईट लागते. फेरी म्हणजे नुसती चावी फिरवणं नव्हे; ती तपासणी पूर्ण होईल इतकी आणि तशी गाडी चालावी लागते. मी हायवेला किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो, पन्हाळ्याला नेली. काही नाही. लाईट लागावी म्हणून गाडी पळवत बसायची वेळ आणली या लोकांनी! शेवटी ती लागली कावळा नाक्याच्या सिग्नलच्या गर्दीत.

या वेळी थेट उद्यमनगरात गेलो, ओळखीच्या मेस्त्रींकडे. त्यांनी आधी फ्रीझ फ्रेम उघडली : वेग शून्य, आरपीएम ७६०, कूलंट ९२ अंश. मग लाइव्ह डेटा लावून उभ्या गाडीतच रेस दिली. आयडलला, म्हणजे रेस न देता, ट्रिम पंचवीस टक्क्यांच्या आसपास, २५०० आरपीएमला सात टक्क्यांवर. "कुठनंतरी हवा घेतीया," एवढंच म्हणाले. इंजिन थोडी हवा ओढत असतं तेव्हा चोरून आलेली हवा जाणवते. भरपूर ओढू लागलं की ती नगण्य होते. म्हणून हायवेला लाईट लागत नव्हती.

हवा मोजणाऱ्या सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंत जाणारा रबरी पाईप त्यांनी काढून हातात दिला. वरून धडधाकट. वाकवल्यावर खालच्या बाजूच्या एका घडीत चीर उघडली, नख आत जाईल एवढी. पाईप बदलला, सेन्सर जुनाच ठेवला. निदान करावं तर असं.

नंतर कोड पुसू दिला नाही. लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्यावर लाईट आपोआप जाते, तशी गेलीही. कोड मात्र साधारण चाळीसदा गाडी गार होऊन पुन्हा तापेपर्यंत आत राहतो, तो राहू द्या.

हो, "बॅटरी काढून लावा, लाईट जाईल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बऱ्याच गाड्यांत त्यानंही सगळं पुसलं जातं. आणि लाईट नुसती लागण्याऐवजी लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. ते मिसफायर असतं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसतं; न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो.