करंगळीला ठाऊक होतं

मंगळवार, रात्री अकरा

काल त्या काडीचा वास आला तो अजून नाकातून गेलेला नाही.

शाळेतल्या बाई नातवाच्या बारशासाठी झबल्यांचं कापड घ्यायला आल्या होत्या. "सुतीच द्या हं अण्णा." नव्या मालातला कॅम्ब्रिकचा तागा काढला, पदर अंगठा-तर्जनीत धरून चोळला आणि म्हणालो, "डोळे झाकून न्या." दुकानातल्या चिनूनं कोपरा चाचपला. "अण्णा, यात मिक्स आहे." मी हसलो. पोरानं उलट काही न बोलता कडेचे दोन धागे ओढले आणि काडी लावली. सूत असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती. इथं टोकाला काळी कडक गोळी झाली. मोहरीहूनही लहान.

बाईंनी दुसरा तागा घेतला. काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

माल घेताना व्यापाऱ्यानं फसवलं, त्याचं काही नाही, ते चालायचंच. इचलकरंजीत पस्तीस वर्षं कापडात काढल्यावर त्याचा राग येत नाही. मला लागलंय ते वेगळंच. बोटं बधिर असतील तर "कळत नाही" असं तरी सांगायला हवं होतं. तसं काही झालं नाही. बोटांनी ठणकावून सांगितलं, सुती. चोळताना मला सूत *लागलं*. ते कुठून आलं मग?

सकाळी एनसीव्हीचा, म्हणजे हाताच्या नसांच्या तपासणीचा, निकाल आला. मनगटाच्या अलीकडे-पलीकडे विजेचे बारीक झटके देऊन निरोप किती वेगानं जातो ते मोजतात. कोपरापासून मनगटापर्यंत सगळं ठीक, सेकंदाला पन्नास मीटरच्या वर. मनगट ओलांडताना मात्र गाडी रखडते. तिथं हाडांचा आणि जाड पट्ट्याचा एक बोगदा आहे, त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्यात ही एक नस. दोऱ्या सुजल्या की नस चेपते, तिच्यावरचं वेष्टन झिजतं. रात्री मुंग्या येऊन जाग यायची आणि मी हात झटकत बसायचो, ते हेच. सहा महिने ही नस सांगत होती. ऑपरेशनचं... ते नंतर बघू.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मोबाईलवर वाचत बसलो. डेव्हिड काट्झ नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९२५ साली लिहून ठेवलंय की खडबडीत पोत बोट टेकवूनही थोडाफार कळतो, पण बारीक पोत कळायला बोट फिरावंच लागतं. फिरताना कातडी थरथरते, त्या थरथरीतून आपण मलमल ओळखतो. कातडीत खोलवर कांद्यासारखे पदर असलेल्या बारीक गाठी असतात, सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा होणारी थरथर त्यांना सगळ्यात चांगली कळते. मला एकदम दादा आठवले. मी दहावीत असेन. कापड दाबून बघत होतो, तर हातावर चापट मारून म्हणाले, "दाबतोस काय, पेढा आहे का? बोट फिरव." दादांना काट्झ ठाऊक असायचं कारण नाही. शेवटी शेवटी दादा पांघरुणाची कड अशीच चोळत पडलेले असायचे. असो.

म्हणजे थरथर आजही होतेय, गाठीही शाबूत असतील, निरोप मनगटाशी गाळला जातोय. अर्धवट निरोप वर पोचतो आणि उरलेलं डोकं स्वतःच्या पदरचं घालतं. डोळ्यांना कॅम्ब्रिक दिसलं, व्यापारी सुती म्हणाला, पस्तीस वर्षांचा माज होताच. झालं, सूत तयार! मग याआधी किती ताग्यांना मी असंच सुती म्हटलं असेल? मुंग्या सहा महिन्यांच्या आहेत. सहा महिन्यांचा माल डोळ्यांसमोरून गेला. जेवताना भाकरीसुद्धा संशयानं मोडली.

मग डॉक्टर जाता जाता जे म्हणाले होते ते आठवलं. करंगळीची नस वेगळी, ती त्या बोगद्यातून जातच नाही. आणि अनामिका दोघींत वाटलेली, अंगठ्याकडची बाजू या नशीची, करंगळीकडची त्या नशीची. खरं वाटेना. कालचाच तागा काढला आणि अनामिकेची एक कड फिरवली: काही नाही, मऊ, कुठलंही कापड. दुसरी कड फिरवली आणि लागलं. किंचित घसरतंय, सुतासारखं धरत नाही. मिक्स! एकाच बोटाच्या मधोमध बांध घातलाय, भावाभावांनी वाटणी केल्यासारखा. करंगळीनं तर पहिल्याच फटक्यात सांगितलं. काल शेजारीच होती बिचारी, तिला कुणी विचारलं नाही.

मग काय, दुपारभर निम्मं दुकान करंगळीनं तपासलं. पॉपलिन, मलमल, अस्तर. खादीला काही अडचण नाही, ती अंगठ्यालासुद्धा कळते, ती तळपायालाही कळेल. बशीतून चहा पिणाऱ्या नवाबासारखी करंगळी उडवत मी काउंटरवर उभा. शर्टपीस घ्यायला आलेल्या एकानं विचारलंच, "करंगळीनं का बघताय?"

"आमच्या घरात असंच बघतात," म्हणालो. तोंडातून आपसूक निघालं. त्यानं मान डोलावली आणि एकाच्या जागी दोन पीस घेतले.

सहा महिन्यांचा माल उद्या परत काढायचाय. बाईंकडेही जायला हवं, काय सांगायचं ते सुचलेलं नाही.

दुकान वाढवताना बघितलं, तर चिनू आतल्या घोड्यावरचं कापड तपासत उभा होता. करंगळीनं. त्याच्या हाताला काहीएक झालेलं नाही.