तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेनला होतीस तर फ्लामेंको पाहिलास का?

भेटेल तो हेच विचारतो, म्हणून एकदा नीट सांगते. मी होते गालिसियात, विगो शहरात. फ्लामेंको हा नाच दक्षिणेकडचा, आंदालुसियाचा. गालिसिया म्हणजे पार वायव्येचा कोपरा, अटलांटिकचा किनारा, पावसाची सतत भुरभुर, भाषा वेगळी, पोर्तुगीजला जवळची, आणि वाद्य म्हणाल तर गाइता, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवतात ते, बॅगपाइपच. त्यामुळे मला विचारायचंच असेल तर पेन्ला, म्हणजे तिथल्या उत्सवात खांद्यांवर नाचणाऱ्या मुली, पाहिल्यास का असं विचारा.

विगोहून ट्रेनने थोड्याच वेळात रेदोंदेला येतं. छोटं गाव, घरांच्या डोक्यावरून रेल्वेचे दोन उंच जुने पूल गेलेत. तिथे कोर्पुस क्रिस्ती या कॅथलिक सणाला, ईस्टरनंतर साधारण 60 दिवसांनी, कोकाचा उत्सव असतो. कोका म्हणजे ड्रॅगन. दंतकथा अशी की तो समुद्रातून यायचा आणि गावातल्या मुली पळवायचा, मग पोरांनी तलवारी घेऊन त्याला मारला, त्याच तलवारी धरून नाचले आणि बायकांनी मुलींना खांद्यावर घेतलं. आदल्या रात्री लोक जागून रस्त्यांवर फुलांचे गालिचे घालतात, सकाळी त्यावर पाय ठेववत नाही.

तलवारींच्या नाचात एका हातात आपल्या तलवारीची मूठ आणि दुसऱ्या हातात शेजारच्याच्या तलवारीचं टोक, अशी अख्खी साखळी वळते, वाकते, तलवारींखालून निघते, आणि तुटत नाही. छानच. पण मी अडकले ते पेन्लांपाशी.

पेन्ला म्हणजे दोन लहान मुली, पाठीला देवदूताचे पंख, आणि त्या नाचतात बायकांच्या खांद्यांवर. या बायकांना म्हणतात बुर्रा. शब्दाचा अर्थ गाढवी, पण इथे ते मानाचं काम आहे. गाइता सुरू झाली की सगळे वर बघतात, मुलगी हात हलवतेय, तोल सांभाळतेय, किती गोड. मी गर्दीत खाली ढकलली गेले म्हणून मला बाईच दिसली. ठेका धरणारे पाय तिचे, गिरकी तिची, आणि हातांनी त्या पोरीचे घोटे असे धरलेले की बोटं पांढरी पडलेली. मान ताठ. वर बघायची सोयच नाही, मुलगी काय करतेय ते तिला फक्त खांद्यांना कळत असणार.

1780 मध्ये राजा कार्लोस तिसरा याने फर्मान काढून देवाच्या मिरवणुकीतले नाच आणि मोठमोठे पुतळे बंद केले होते. स्पेनमध्ये कितीतरी ठिकाणी हे सगळं त्यानंतर संपलं. रेदोंदेलात आजही नाचतात, आणि ते असं कोणीतरी खांदा दिल्याशिवाय टिकत नाही असं मला मनापासून वाटतं.

नाच थांबला तशी बाई गुडघ्यांवर बसली, मुलगी उतरली, पाणी प्यायली. बाईने दोन्ही खांदे एकदा चोळले, मुलीचा वाकडा झालेला पंख सरळ केला, आणि गाइता वाजल्याबरोबर परत बसून म्हणाली, चल, ये.